चौथी खेप

“तुमी पाव गॅलन. मागं बसा,” तो म्हणायचा, आणि नवा माणूस गोंधळून आपल्या कपड्यांकडे पाहायचा.

बोटीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला तो आधी पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळायचा. ओळख, हुद्दा, जात यांतलं काही त्याला नको असायचं. हा माणूस तासभर बोटीत बसला तर पेट्रोल किती जास्त जळेल, तेवढंच तो बघायचा. माझ्यासारखा काडीपैलवान म्हणजे पाव गॅलन. आमचे साहेब अर्धा. साहेबांच्या सौभाग्यवती एकदा तलावावर फिरायला आल्या. त्याने पाहिलं, मान खाली घातली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “लिहू नको बाबू, पण पाऊण.”

भिलाईत बोट कुठली, असं तुम्ही विचाराल. हुडको वसाहतीतली माझी नातवंडंही विचारतात. कारखाना उभा राहत होता आणि त्याला पाणी लागणार होतं. तलावात, कालव्यात, नदीत पाणी किती आहे ते मोजत फिरणं हे आमच्या ऑफिसचं काम. खोली मोजायला साधी होडी पुरली असती, पण मिळाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर मोडीत निघालेली दोन इंजिनांची, लांब नाकाची बोट. मरोद्याच्या तलावात ती सुटली की जीपला मागे टाकायची. तिच्याबरोबर तो आला. चालवणं, दुरुस्ती, धुणं, सगळं तोच. मी त्याच ऑफिसात पेट्रोलच्या चिठ्ठ्या फाडणारा टेम्पररी बाबू होतो.

त्याचं नाव सांगत नाही. त्याच्या घरचे लोक अजून आहेत. तो वैनगंगेकाठचा, पिढ्यानपिढ्या होडी हाकणाऱ्या घरातला. त्याचं गाव माझ्या आईच्या माहेरापासून दोन कोसांवर, म्हणून मी त्याला मामा म्हणायचो. लढाईत तो आसामात मोठ्या नदीवर फौजेच्या बोटी चालवायला होता. शाळेचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं. नाव तेवढं इंग्रजीत लिहायचा, तेही फौजेने घोटून घेतलेलं.

पेट्रोल मोजायला त्याच्याकडे बांबूची एक काडी होती, तिच्यावर चाकूने खाचा केलेल्या. टाकीत काडी बुडवायची, वर काढायची, ओली खूण अंगठ्याने धरायची, नाकाशी न्यायची आणि मग आकडा सांगायचा. बोट निघण्याआधी तो सांगायचा, “आज बोट साडेनऊ पेईन.” संध्याकाळी काडी घातली की साडेनऊच. एकदा पाहुणे म्हणून आलेले एक रशियन इंजिनिअर आलेखाची वही घेऊन दिवसभर बोटीत बसले होते. इंजिनाचे फेरे, वारा, वजन, सगळं टिपून त्यांनी संध्याकाळी कागदावर जे उत्तर काढलं, ते मामाने सकाळीच सांगितलेलं होतं. त्यांनी वही मिटली आणि उठून त्याचे तेलकट हात दोन्ही हातांनी दाबले. मामा लाजला. “काऊन दाबून राहिले बाप्पा,” मला म्हणाला, “हात खराब होतीन त्याइचे.”

मला त्याने हे शास्त्र शिकवायचा प्रयत्न केला होता, हे कबूल करायला हवं. जोरात पळणारी बोट आणि साधी होडी यांत फरक काय, तर ही बोट वेगात आली की पाण्यावर चढते. आधी नाक वर होतं, बूड खाली जातं, सगळी बोट पाणी नांगरत चालते. तेव्हा ती पेट्रोल नुसतं ढोसते. मग एकदम सपाट होते आणि पाण्याच्या वरून घसरत जाते. मग तिला कमी लागतं. “पण वर येऊ द्यायले पाहिजे तिले,” तो म्हणायचा. “सहा बसवले तं येते. सातवा बसला का बसली ते. मग एका माणसासाठी दुप्पट पेते.” बुडाला शेवाळ धरलं तरी तो अस्वस्थ व्हायचा आणि दर रविवारी काथ्याने बोटीचं बूड घासत बसायचा. आमची ही तेव्हा नवीनच संसाराला आली होती. तिला त्याने स्टोव्हमध्ये रॉकेल किती दिवस पुरेल ते भात शिजायच्या वेळेवरून सांगितलं होतं. ते चुकावं म्हणून ती मुद्दाम वरण जास्त वेळ ठेवायची, आणि तो दारातूनच विचारायचा, “पोरी, डाळ शिजत नव्हती का?”

आता मुद्द्याला येतो. टाळून टाळून कुठवर टाळणार?

बोटीची टाकी अठरा गॅलनची. दिवसाच्या कामाला लागत बारा, कधी कमी. तरी तो रोज अठरा भरून घ्यायचा. त्याचा नियम होता, एक हिस्सा जायला, एक यायला आणि एक आपल्या चुकीला. आसामात एक बोट पेट्रोल संपून मधल्या धारेला गेली होती आणि तिच्यातल्या माणसांच्या हाका काठावर कितीतरी वेळ ऐकू येत होत्या, एवढं तो एकदा बोलला होता. पुढे विचारलं तर काथ्या घेऊन बोटीखाली गेला.

तर रोज संध्याकाळी सहा गॅलन टाकीत तसंच राहायचं. माझ्या कागदावर ते दिसायचं. मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं. मी टिपण लिहिलं, की बोटीच्या टाकीत रोज सहा गॅलन विनाकारण पडून राहतं, जीपप्रमाणे बोटीलाही अंतरावर पेट्रोल द्यावं, बारा पुरे. साहेबांनी खाली सही केली आणि मला बोलावून शाबासकी दिली. माझी नोकरी पक्की व्हायची होती, घरी हिला दिवस गेलेले होते. मी खुशीत होतो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी.

मामाला मी हे सांगितलं तेव्हा तो भांडला नाही. काडी पुसत म्हणाला, “पाण्यात मैलाचे दगड नसते बाबू.” मी म्हटलं, “मामा, ऑफिसला दगडच लागतात.” त्यावर तो हसला. मीही हसलो.

त्याच पावसाळ्यात शिवनाथेला पूर आला. दोन दिवस वर कुठेतरी धो धो कोसळत होतं आणि आमच्याकडे नुसती भुरभुर. नदीच्या मधल्या टापूवर रेती काढणारी एक टोळी झोपड्या घालून राहत होती, सगळी आसपासच्या खेड्यांतली माणसं. सकाळी दहाच्या सुमाराला निरोप आला, की टापूला चारी बाजूंनी पाणी लागलं, बावीस माणसं वर आहेत आणि नावाडी होडी घालायला तयार नाहीत.

बोट ट्रकवर चढली. टाकीत बारा. मामा माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, “बाबू, सहाची चिठ्ठी फाड.”

बारा गॅलनच्या वर द्यायचं तर साहेबांची सही लागायची. साहेब दुर्गला कलेक्टर कचेरीत गेलेले. मी सहीशिवाय चिठ्ठी फाडली असती तर फार तर बोलणी खाल्ली असती. पण मी काय केलं? मी अंतर विचारलं. काठापासून टापू चार फर्लांग. जायला चार, यायला चार, म्हणजे एका खेपेला एक मैल. मी म्हणालो, “मामा, चार मैलांना बारा गॅलन कमी पडतात का?”

बाहेर ट्रकवाला भोंगा वाजवत होता. “चाल मंग,” तो म्हणाला, “तूच पाह्यजो.” मी ट्रकमध्ये चढलो.

काठावर बोट उतरवून होईपर्यंत आमच्या मागचा नाला भरला आणि रस्ता तुटला. ट्रक डिझेलचा होता. त्याच्या टाकीतलं आमच्या कामाचं नव्हतं.

शिवनाथ तेव्हा मी जशी पाहिली तशी पुन्हा पाहिली नाही. झाडं मुळांसकट येत होती. मामाने पाण्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बोट सरळ न घालता काठाकाठाने पार वरच्या अंगाला नेली आणि तिथून तिरपी सोडली. टापूवर तो सगळ्यांसमोर उभा राहून माणसं निवडताना आम्हाला इकडून दिसत होता. नेहमीसारखा खालून वर पाहायचा आणि हाताने खूण करायचा. पहिल्या खेपेला बाया आणि म्हातारे, सहा. बोट त्या गढूळ लोंढ्यावर चढली, सपाट झाली आणि आली. मामाने काडी घातली. चार गॅलन गेले होते.

दुसरी खेप, सहा. पुन्हा चार.

तिसऱ्या खेपेच्या आधी त्याने काडी बुडवली, वर काढली आणि या वेळी आकडा सांगितला नाही. काडी माझ्या डोळ्यांसमोर धरली. ओल चौथ्या खाचेला थांबली होती. टापूवर दहा माणसं होती. मला हे गणित कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानेच शिकवलेलं होतं.

तिसऱ्या खेपेत तो सहा आणून परतला. काठापासून दहा हातांवर दोन्ही इंजिनं खोकली आणि बंद पडली. लोकांनी दोर टाकून बोट ओढून घेतली.

मागे चार राहिले. चारही धट्टेकट्टे, रेतीची पाटी एका हाताने उचलणारे. त्यांत टोळीचा मुकादम होता. त्याने स्वतःच बाकीच्यांना पुढे ढकललं, असं तिसऱ्या खेपेत आलेल्या माणसांनी नंतर सांगितलं. आणि हेही सांगितलं, की बोट सुटताना त्याने मामाला विचारलं, “फेर आबे ना भैया?” परत येशील ना? मामा त्याच्याच बोलीत म्हणाला, “आवत हंव,” येतोय. टाकीत किती आहे हे त्या वेळी त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

ते चौघं दोन तास उभे होते. दिवसाढवळ्या, आमच्या डोळ्यांदेखत. आधी हात हलवत होते. मग एकाने गमछा सोडून बांबूला बांधला. मग ते खाली बसले. ट्रकवाला छातीभर पाण्यातून नाला ओलांडायला गेला आणि वाहता वाहता वाचून परत आला. मामा गुडघाभर पाण्यात बोटीचं नाक धरून उभा होता, बोट कुठे जाणार नव्हती तरी. तिसऱ्या प्रहरी टापूवरची शेवटची झोपडी गेली, मग बांबू गेला. आणलेल्या बायांपैकी एक माझ्या शेजारी बसली होती. तिने एकदाच विचारलं, की बोट का जात नाही? मी उठलो आणि दोर गुंडाळायला लागलो.

चौकशी बसली. वरून दोन साहेब आले आणि जबान्या लिहून घ्यायला बाबू म्हणून मलाच बसवलं. दैवाची थट्टा बघा. मामासमोर मी, हातात टाक.

एका साहेबांनी विचारलं, शेवटच्या खेपेत दहाही जणांना का घेतलं नाही? मामा म्हणाला, “दहा घेऊन बोट वर येत नाही साहेब. पाण्यात बसून चालते. आठ लागले असते, होते चार. दहाही गेले असते आन मीबी.” मग पहिल्यापासून सात-सात का नाही नेले? त्याने सातव्या माणसाचं सांगितलं. साहेब इंजिनिअर होते, त्यांना पटलं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मी सकाळपासून वाट पाहत होतो. टाकी अठराची असताना बाराच का भरलं?

माझा हात थांबला. मामाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मीच भरलं,” तो म्हणाला. “मले वाटलं, पुरन.”

मी ते लिहून घेतलं. लिहून घेतलं हो. माझं टिपण माझ्याच कपाटात होतं, पाच पावलांवर. सहीवाले साहेब खोलीतच बसले होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. कागदावर निकाल आला, की चालकाचा इंधनाचा अंदाज चुकला. बोट बंद झाली आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. त्याला शेजारच्या गॅरेजमध्ये जीपा धुवायला लावलं. दोन महिन्यांनी मी पक्का झालो.

मी रुआबांध्याकडे त्याच्या खोपटात गेलो होतो. विचारलं, “मामा, काऊन केलं असं?” तो चुलीपाशी बसला होता. म्हणाला, “तुह्या घरी लेकरू येऊन राहिलं. तू टेम्परी. दोघंबी बुडून काय फायदा?” मग म्हणाला, “चा घे.” मी चहा घेतला. आणखी काय करणार होतो?

त्यानंतर तो चारेक वर्षं भिलाईत होता. जीपा स्वच्छ धुवायचा. कुणाशी वाकडं नाही, कुणावर राग नाही. एक गोष्ट मात्र बदलली, आणि ती तुम्ही त्याला आधी ओळखत असता तरच तुमच्या लक्षात आली असती. तो माणसांकडे पाहीनासा झाला. कुणी समोर आलं की नजर त्याच्या चपलांवर. माझा मुलगा त्याच्या मांडीवर खेळायचा, तरी त्याच्या डोक्यावरून हात फिरवताना हा भिंतीकडे पाही. बायको म्हणायची, मामांना मोतीबिंदू झाला असेल. मी म्हणायचो, असेल.

मग त्याने नोकरी सोडली. गावी भाऊ होता, शेळ्या होत्या. मी त्याला दुर्ग स्टेशनवर सोडायला गेलो. सामान म्हणजे एक वळकटी आणि एक डबा. गोंदियाची पॅसेंजर उशिरा होती. बाकावर बसल्या बसल्या इतकी वर्षं न विचारलेलं मी विचारलं.

“मामा, मी सहाची चिठ्ठी फाडली असती तर ते चौघं आले असते का?”

मान वर करून त्याने चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, खालून वर, सावकाश.

“नाही,” तो म्हणाला. “चौथ्या खेपेले पाणी चढलं होतं. धार बदलली होती. सात लागले असते. बारा आन सात एकोणीस. टाकीच अठराची. तू अठरा देले असते तरी एक कमीच पडलं असतं बाबू. तुह्या हातात नव्हतं ते.”

पेट्रोलच्या बाबतीत या माणसाचा शब्द कधी पाव गॅलननेही चुकलेला मी पाहिला नव्हता. मी त्या बाकावर लहान मुलासारखा रडलो. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. गाडी आली, तो चढला, खिडकीतून म्हणाला, “पोरीले सांग, गेलो म्हणून.” मी सायकलवर भिलाईला परत आलो आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

आठ-दहा दिवसांनी जुनं सामान मोडीत काढायची यादी करायला साहेबांनी मला त्या शेडमध्ये पाठवलं. हमालांनी ताडपत्री ओढली आणि बोट दाराकडे सरकवली. बोटीमागच्या भिंतीवर, माणूस उकिडवा बसला तर हात पोचेल तिथपासून उभा राहिला तर पोचेल तिथपर्यंत, कोळशाने रेघा ओढलेल्या होत्या. हमाल म्हणाले, पोरांनी खराब केली असेल. मी त्यांना बाहेर जायला सांगितलं.

प्रत्येक ओळीत आधी चार-चार रेघांचे तीन गट, एक रेघ म्हणजे एक गॅलन. तीन खेपा. मग थोडी मोकळी जागा, आणि पुढे चौथी खेप. कुठे शेजारी वाऱ्याचा बाण होता, कुठे चढत्या पाण्याच्या लाटा, कुठे धारेत अडकलेलं झाड. एकेक अडचण घालून त्याने ती खेप पुन्हा पुन्हा करून पाहिली होती, जीपा धुवून झाल्यावर, चार वर्षं. काही ओळी जुन्या, पुसट झालेल्या. काही अगदी ताज्या.

मी यादीची वही खाली ठेवली आणि एकेका ओळीवर बोट ठेवून चौथी खेप मोजत गेलो. चार रेघा. चार. साडेचार. चार. सगळ्यांत वाईट, जिथे वारा, लाटा आणि झाड तिन्ही काढलेले होते, तिथे पाच. वरपासून खालपर्यंत मी दोनदा मोजलं. सात रेघा कुठेच नव्हत्या.